सणापुरती शांतता नको : राणीसावरगावकरांना जाहीर आवाहन



गावात एक कायमचा गट उभा करायचा आहे. पंधरा-वीस माणसं, त्यात निम्म्या बाया, आणि प्रत्येक गल्लीतलं, वस्तीवरचं, तांड्यावरचं कुणी ना कुणी. त्यांनी दोन कामं करायची. कुणावर अन्याय झाला तर त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही. आणि गावात वातावरण तापलं तर आग लागायच्या आधी मधे उभं राहायचं. पहिलं काम वर्षभर केलं असेल तरच दुसऱ्याच्या वेळी लोक तुमचं ऐकतात, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. बाकीचं पत्रक त्याचा खुलासा समजा.

गणपती, ईद, भीमजयंती जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. दरवर्षी तीच दहा-बारा नावं. साहेब चार सूचना देतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. मिरवणुका नीट पार पडतात यात त्या बैठकांचाही वाटा आहे, तो नाकारायचा नाही. पण खुर्चीवर बसलेल्यांपैकी किती जण वर्षभरात एकमेकांच्या वस्तीत जातात? पोराचा खून झाला, मुलगी पळवली, पुतळ्याची विटंबना झाली अशी बातमी रात्री अकराला फिरू लागली, तर यातल्या कुणाच्या शब्दावर दुसऱ्या वस्तीतला तापलेला तरुण घरी परत जाईल? उत्तर ज्याचं त्यानं मनात द्यावं.

आपल्याच जिल्ह्यात काय झालं ते आठवा. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, गाड्या-दुकानांचं नुकसान झालं आणि मग धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्यानं मृत्यू झाला, असं शवविच्छेदनाच्या अहवालात आलं. दुसऱ्याच दिवशी या आंदोलनात पुढे असलेले ज्येष्ठ कार्यकर्ते विजय वाकोडे हृदयविकारानं गेले. पुढे सोमनाथच्या आईनं उच्च न्यायालयाची पायरी चढली. छत्रपती संभाजीनगर खंडपीठानं 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्धची राज्य सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्याच्या अखेरीस फेटाळली.

यातल्या तारखांकडे बघा. विटंबनेपासून मृत्यूपर्यंत पाच दिवस गेले. मृत्यूपासून नुसता गुन्हा नोंदवा असा आदेश यायला साडेसहा महिने लागले. मोर्चा एका दिवसात निघतो, बंद एका हाकेवर होतो. पुढचे साडेसहा महिने कागद सांभाळणारं, तारखेला जाणारं, त्या आईच्या शेजारी बसणारं माणूस लागतं, आणि असं माणूस ऐनवेळी सापडत नाही. आंदोलनाचं हे काम दिसत नाही, म्हणून तरुण पोरांना ते आंदोलन वाटत नाही. निवेदन देतानाचा फोटो स्टेटसला लावला की विषय संपला, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. त्या निवेदनावर आवक क्रमांक घेतला का, हे विचारलं तर बरेच पुढारी खाली बघतील.

परभणीतल्या तोडफोडीच्या आदल्या दिवशी, 9 डिसेंबरला, शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी ही मागणी साऱ्या जातींची होती आणि आहे. पण बघता बघता मोबाइलवर तिला जातीचा रंग चढला. कुणाच्या दुकानात जायचं, कुणाच्या जीपमध्ये बसायचं, हे आडनाव बघून ठरवा असं सांगणारी माणसं मराठवाड्यात उजळ माथ्यानं फिरू लागली. अशांना एक आठवण करून द्यायला हवी. कुणाला सामाजिक बहिष्कारात टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. जात पंचायतींच्या जाचाविरुद्ध असा स्वतंत्र कायदा 2016 साली मंजूर करणारं आपलं राज्य देशात पहिलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

आमच्यातल्या जुन्या माणसांना 1978 सालही आठवतं. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यातलेच. जाळणारे फार लांबून आले नव्हते. कित्येक ठिकाणी ते त्याच गावचे होते, ज्यांच्या शेतात या माणसांनी सुगी काढली होती. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या साडेपंधरा वर्षांचं दुःख ज्या घरांनी सोसलं, त्यांना ‘जुनं उकरू नका’ असं सांगण्याचा हक्क बाकीच्यांना नाही, असं आमचं मत आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपण डोंगरपट्ट्यातली माणसं. जमीन हलकी, पाणी पावसाच्या भरवशावर. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता, दोघांवर मिळून उचल. थंडीत, पाचटाच्या खोपीत, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत यायचं नाही. पोरं सोबत गेली तर शाळा बुडते, मागं ठेवली तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात. मुलगी मागं ठेवायची भीती वाटते म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. लग्न झालं की एक कोयता वाढतो हेही हिशोबात असतंच. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 48 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास होता आणि सगळ्या जिल्ह्यांत आपण वरच्या क्रमांकावर. शांतता म्हणजे दगडफेक नसणं एवढंच धरलं तर असं लग्न अगदी शांततेत पार पडतं. मांडव असतो, जेवणावळ असते, गावातली प्रतिष्ठित मंडळी अक्षता टाकायला असतात.

म्हणून गटाची सुरुवात आम्ही मोर्चानं ठरवलेली नाही. सुरुवात यादीपासून आहे. कोणती घरं जाणार, कोणता मुकादम, कोणता कारखाना, सोबत पोरं किती, मागं किती राहणार. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आहे. मागं राहणाऱ्या पोरांसाठी शाळेनं हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायचा असतो. सोबत जाणाऱ्या पोरांना शिक्षण हमी पत्र द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. रेशन तिकडे उचलता येतं. हे सगळं कागदावर आहे. मागणारं कुणी नसलं की कागदावरच राहतं.

आणि ते मागायची जागा ग्रामसभा. वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एरवी त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. आता हे कॅलेंडर आपल्या गावाला लावून बघा. 26 जानेवारीला निम्मी वस्ती फडावर असते. त्यांच्याविषयीचे ठराव त्यांच्यामागं होतात. 1 मेला माणसं परत आलेली असतात, पण लग्नसराई आणि ऊन. टोळ्या निघायच्या तोंडावर उरते ती 2 ऑक्टोबरची सभा. तीच आपल्याला भरवायची आहे. त्याआधी महिलांची सभा स्वतंत्र घ्यायची असते, तीही खरोखर घ्यायला लावायची. घरोघर रजिस्टर फिरवून सह्या गोळा करायला येईल त्याला पाणी द्यावं, सही देऊ नये.

ग्रामसभेनं काय होतं असं म्हणणाऱ्यांसाठी हेरवाडचं उदाहरण पुरेसं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावानं 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं थांबवायचं, असा. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्या वाटेनं जायला सांगितलं. नुसत्या ठरावानं रूढी जात नाही हे खरं, हेरवाडकरही तसं म्हणणार नाहीत. पण ज्या बाईला बांगड्या ठेवायच्या आहेत तिला भावकीसमोर दाखवायला गावाचा कागद मिळाला. संत जनाबाईंच्या गंगाखेड तालुक्यात हे आपण आधी करायला हवं होतं.

यादीनंतर सोबतीचं काम. पोलीस ठाण्याची पायरी एकटं माणूस चढतं तेव्हा त्याला ‘उद्या या’ ऐकावं लागतं, चौघं गेली की खुर्ची मिळते. हा कुणा एका साहेबाचा दोष नाही, सगळीकडचा अनुभव आहे. गटातल्यांनी काही गोष्टी पाठ कराव्यात. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. कुणाला अटक झाली तर नातेवाइकाला कळवलं पाहिजे, चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं केलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात साक्षीदारांना संरक्षण आणि पीडितांना टप्प्याटप्प्यानं मदत आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो आणि त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. बालविवाह दिसला तर 1098, बाईला मारहाण होत असेल तर 112 किंवा 181.

इथं एक अवघड गोष्ट बोलून घेतो. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाइपलाइनचे, भावकीचे कितीतरी तंटे तिनं कोर्टाबाहेर मिटवले. ते चांगलंच झालं. पण ‘गावातच मिटवा’ ही सवय सगळीकडे लागू होत नाही. लेकराशी कुणी गैरवर्तन केलं, बाईवर हात टाकला, जातीवरून मारहाण झाली, तर ती गोष्ट चावडीवर पैशांत मिटवायची नाही. लेकरावरचा अत्याचार माहीत असून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गावाचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसा असं सांगणाऱ्याला या गटात जागा नाही, मग तो कितीही मानाचा असो.

अफवांचं थोडक्यात. प्रत्येक वस्तीतली दोन माणसं ठरलेली असतील, एकमेकांचे नंबर त्यांच्याकडे असतील. काही ऐकलं की पुढं पाठवायच्या आधी तिकडच्या माणसाला फोन. एवढं शिस्तीनं केलं तरी अर्धी भांडणं जागच्या जागी विझतात.

‘कशाला नस्ती झेंगटं’ असं घरोघर ऐकायला मिळेल. बरोबरच आहे, हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो आणि ज्याच्या शेतावर कामाला जायचं त्याच्याविरुद्ध साक्ष देणं सोपं नसतं. म्हणून सगळा भार एकाच घरावर पडणार नाही याची काळजी गटानं घ्यायची. ज्यांचं पोट कुणाच्या मर्जीवर नाही, म्हणजे निवृत्त गुरुजी, नोकरदार, बागायतदार, दुकानदार, त्यांनी आधी पुढं यावं. सवर्ण घरांतल्यांनी तर विशेष. दरवेळी ज्याला लागलं त्यानंच ओरडायचं हा न्याय नव्हे.

अटी मोजक्या आहेत. निवडणुकीला उभं राहायचं असेल त्यानं गट सोडावा. वर्गणी नाही, बॅनर नाही, अध्यक्ष नाही. एक वही राहील, तिच्यात तारीख, काम, आवक क्रमांक आणि पुढची तारीख. वही कुणालाही बघता येईल, पण अत्याचारग्रस्त बाईचं किंवा लेकराचं नाव तिच्यात कधीही लिहायचं नाही.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा संपली की ग्रामपंचायतीच्या आवारातच बसू. बायांनी लेकरं घेऊन यावं, तरुणांनी मोबाइल खिशात ठेवून यावं. ज्यांच्या टोळ्या त्याआधीच निघणार आहेत त्यांनी मुकादमाचं नाव, कारखान्याचं गाव, घेतलेली उचल आणि सोबतच्या पोरांची वयं एका कागदावर लिहून शेजारच्या घरी ठेवून जावीत. तो कागद आम्ही घेऊन जाऊ.

आपले,
गावातले काही रहिवासी