गोळी सुरू करतानाच ती थांबवण्याचे ठरवा

छातीत अचानक धडधडते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही आणि आता आपण मरणार असे वाटते. नांदेड-लातूरकडे अशा माणसाला घरचे लोक आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे नेतात आणि ते बरोबरच आहे. पण ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक येऊनही झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर तो पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे तीव्र भीतीचा आजार असू शकतो. अनेकदा मात्र ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणून विषय संपतो आणि हाती अल्प्राझोलामची स्ट्रिप येते.

हे औषध बेंझोडायझेपिन गटातले. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ते वाढवते. साध्या गोळीचा अंमल काही तासांत ओसरतो, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी पोटात हळूहळू औषध सोडते, त्यामुळे ती बहुधा दिवसातून एकदा पुरते आणि दोन डोसांमधली बेचैनी कमी होते. ही गोळी मोडून, चावून किंवा कुटून घेऊ नये. दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते.

‘हळू सुटते, म्हणजे सवय लागत नाही’ हा समज मात्र चुकीचा आहे. औषध तेच आहे आणि सवयही तीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातील सर्व औषधांवर सवय आणि अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला.

रोजची गोळी एकाएकी बंद केली की काय होते, हे नांदेडच्या सीमेपलीकडे दिसते. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे उघड होत आली आहेत. अशी शिंदी रोज पिणाऱ्याला ती मिळेनाशी झाली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, कधी फिट येते. दहा वर्षे रात्रीची गोळी घेणाऱ्या आजीची स्ट्रिप संपली आणि घरच्यांनी ‘आता बास’ म्हटले, तर तिच्याही शरीरात हेच घडू शकते. म्हणून सीमाभागातल्या डॉक्टरांनी फिट आलेल्या रुग्णाला दारूबरोबर शिंदीचेही विचारावे आणि झोपेच्या गोळीचेही.

कायदा कमी नाही. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहूनच ते द्यायचे, डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद वहीत करायची आणि ती तीन वर्षे जपायची. जुन्या चिठ्ठीवर स्ट्रिप देणे थांबलेच पाहिजे. पण नुसत्या धाडींनी प्रश्न सुटणार नाही. पुरवठा तुटलेला रुग्ण दवाखान्यात आला नाही, तर तो घरीच फिट येऊन पडेल.

या आजाराचा मुख्य उपचार वेगळा आहे. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे आणि विचार व वर्तन बदलण्याची मानसोपचार पद्धती यांनी बरे वाटते; औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळाचा आधार म्हणून बेंझोडायझेपिन उपयोगी आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतील मुलांनी तर परीक्षेच्या धडधडीसाठी ती परस्पर घेऊच नये; हे औषध नव्याने वाचलेले लक्षात ठेवण्याची शक्तीच मंदावते. म्हाताऱ्या माणसांत पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो आणि दारूबरोबर श्वास मंदावू शकतो.

म्हणून पहिली चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी किती दिवस, हे लिहावे. जुन्या रुग्णांनी गोळी स्वतःहून बंद करू नये. डोस आठवड्या-महिन्यांत थोडाथोडा कमी करता येतो. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय संस्थेत मानसोपचार विभाग आहेत, १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जिल्हा प्रशासनाने मेडिकलच्या वह्या तपासाव्यात, पण तपासणीबरोबर रुग्णाला दवाखान्याची वाटही दाखवावी.