जीभ घसरते तेव्हा तळ्यात-मळ्यात असलेला मतदार काय ऐकतो?



निवडणूक आली की पारावर, चहाच्या हॉटेलात आणि वजनकाट्यापुढच्या ट्रॅक्टरच्या रांगेत एकच विषय निघतो : कोण काय बोलला. एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की दुसऱ्याच दिवशी जो तो छातीठोकपणे सांगतो, "आता हा पडला म्हणून समजा." मला हे गणित इतके सोपे वाटत नाही. का वाटत नाही, ते आपल्याच मतदारसंघातल्या उदाहरणावरून सांगतो.

आपली मुळशी भोर विधानसभेत मोडते आणि भोर बारामती लोकसभेत. एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजितदादा पवार यांची इंदापूर तालुक्यात निंबोडीला सभा झाली. सोलापूरला पाणी सोडा म्हणून त्या भागातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर पन्नासहून जास्त दिवस उपोषणाला बसला होता. धरणात पाणीच नाही तर सोडायचे कुठून, असे विचारून दादा पुढे जे बोलले ते या अंकात छापण्यासारखे नाही. सगळ्यांना ते पाठ आहे. भारनियमनावरही एक चेष्टा झाली. पुढे गदारोळ उठला, त्यांनी माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून दिवसभर आत्मक्लेश केला. शरद पवार साहेबांनीही जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

बरोबर वर्षाने, १७ एप्रिल २०१४ ला, बारामतीचे मतदान झाले. २००९ साली सुप्रियाताई ३ लाख ३६ हजारांहून अधिक मतांनी आल्या होत्या. २०१४ ला महादेव जानकरांपुढे ते मताधिक्य ६९,७१९ वर आले. हे सगळे त्या एका वाक्याने केले असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. देशभर मोदींची लाट होती, सिंचनावरून आरोप गाजत होते, आणि जानकरांच्या मागे धनगर समाज मोठ्या संख्येने उभा राहिला होता. त्याच साली ऑक्टोबरमध्ये खुद्द अजितदादा बारामती विधानसभेतून जवळजवळ ९० हजारांच्या फरकाने निवडून आले. म्हणजे ज्यांचे मन ठरलेले होते त्यांचे मन काही बदलले नाही.

प्रश्न आहे तो ज्यांचे ठरलेले नसते त्यांचा. माझ्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ, आम्ही त्यांना मामा म्हणतो, दरवेळी शेवटच्या दिवसापर्यंत तळ्यात-मळ्यात असतात. कार्यकर्ता नाहीत, विरोधकही नाहीत. जाहीरनामा कधी वाचायचे नाहीत. त्या वेळी मी त्यांना विचारले, "मामा, एवढं काय लागलं तुम्हाला? बोलण्याच्या ओघात जातं एखादं वाक्य." मामा म्हणाले, "अरं, शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण त्यावर लोकं हसली बघ. ते काळजाला लागलं."

मामांचे हे बोलणे मला अजून पुरते. कार्यकर्ता वाक्याची बाजू घेतो, विरोधक त्याचे फलक लावतो, दोघांनाही त्यात नवे काही कळत नाही. तळ्यात-मळ्यात असलेला माणूस मात्र शितावरून भाताची परीक्षा करतो. हा माणूस उद्या खुर्चीवर बसल्यावर, माझी अडचण घेऊन मी दारात गेलो तर मला काय समजेल, एवढेच तो त्या वाक्यात शोधतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याला दिलेली शिवी त्याला करमणूक वाटते. त्याच्या स्वतःच्या अडचणीची चेष्टा त्याला तशी वाटत नाही.

आणि तरीही ती चेष्टा लगेच मतपेटीत दिसेलच असे नाही. मे २०१७ मध्ये रावसाहेब दानवे तूर उत्पादक शेतकऱ्यांना "रडतात साले" म्हणाले. राज्यभर पुतळे जळाले. २०१९ ला जालन्यातून ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले! २०२४ ला ते लाखाहून अधिक मतांनी पडले, पण तेव्हा मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटलेले होते आणि त्याचे केंद्रच जालना जिल्ह्यात होते. तो जुना शब्द कितपत कारणी लागला, हे मतयंत्र सांगत नाही.

२०२४ ला आपल्याकडेही दोन्ही बाजूंनी तोंडे सुटली. चंद्रकांतदादा पाटील बारामतीत म्हणाले, शरद पवारांचा पराभव हेच आम्हाला हवे आहे. असे बोलायला नको होते, हे अजितदादांनीच पुढे मान्य केले. इकडून पवार साहेबांनी "मूळ पवार" आणि "बाहेरून आलेले पवार" असा फरक केला, तो सुनेत्राताईंना उद्देशून होता, आणि सासरी नांदणाऱ्या कितीतरी लेकी-सुनांना टोचला. सुप्रियाताई १ लाख ५८ हजारांनी आल्या. कुणाच्या वाक्याने किती मते हलली, ते ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे. घरातल्या बायका खरे सांगतील.

पण मला खरी खंत वेगळीच आहे. २०१३ ला महिनाभर आपण सगळे त्या शब्दावर बोललो. माफी झाली, आत्मक्लेश झाला, विषय संपला. सोलापूरच्या पाण्याचे काय, हे किती जणांनी विचारले? आपल्या मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळून पुढे उजनीतच जाते. "धरण उशाला, कोरड घशाला" हे मुळशीकराला कुणी शिकवायला नको; १९२१ साली सेनापती बापटांबरोबर आपल्या वाडवडिलांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, जमिनी तरीही गेल्या, आणि ते पाणी आजही भिऱ्याला वीज करायला कोकणात उतरते. पण इंदापूरची ती सभा ऊसकऱ्यांच्या मुलखातली होती. हसले ते आपल्यासारखेच लोक. दुष्काळात खोडवा जगवायला पाळी मिळावी म्हणून आपणही धडपडलो होतो, आणि खालच्याला काय मिळाले ते पाहिले नव्हते. त्या सभेत मी असतो तर हसलो नसतोच, असे मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

मामा त्या १७ एप्रिलला मतदानाला गेले. कुणाला दिले ते सांगत नाहीत, विचारले की तंबाखू मळायला घेतात. परवा मात्र त्यांनी मला विचारले, आपल्या वार्षिक सभेला प्रश्न लेखी द्यायची मुदत कधीपर्यंत आहे. त्यांना पाण्याच्या पाळीचा प्रश्न द्यायचा आहे. अर्ज मी लिहून देणार आहे, सही तेवढी ते करतील.