झाडांचाही ठावठिकाणा नोंदवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटचालीची नोंद राहिली, हे चांगलेच झाले. पण त्याच टिपेश्वरात किंवा घाटंजी-झरीच्या जंगलात बी धरणारी बिजाची झाडे किती उरली आणि ती कोणत्या वनकक्षात उभी आहेत, हे दाखवणारा नकाशा माझ्या तरी पाहण्यात नाही. जागचे न हलणारे झाड आपल्याला सापडत नाही!

‘वनक्षेत्र वाढले’ या बातमीवर समाधान मानू नये. भारतीय वन सर्वेक्षण किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के छत्र दिसले की ते वनाच्छादनात धरते. मग तिथे मिश्र जंगल असो, आमराई असो की बांबू. मिश्र जंगल जाऊन साग लागला, तरी काही वर्षांनी उपग्रहाला हिरवेच दिसणार. त्यात गेलेल्या बिजा-शिसमाची वजाबाकी कुठेच होत नाही.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत शिसम ‘असुरक्षित’, तर बिजा ‘संकटसमीप’ आहे. बिजाच्या सालीला चरा पाडला की लालभडक चीक ओघळतो. तो औषधात जातो, लाकूड इमारतीला लागते आणि त्याचे पेले मधुमेहींना विकले जातात. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत बिजा आहे. पण झाड कुठे होते हेच लिहिलेले नसेल, तर ते तुटल्याचे कळणार कसे? रोपवाटिकेचेही तेच. बिजाची चपटी, गोल, पंखाची शेंग वणव्याआधी गोळा व्हायला हवी. झाडाचा पत्ता नसेल तर बी नाही, बी नाही तर रोप नाही. मग पुन्हा सागच.

सुरुवात शून्यापासून करायची नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९३ मध्ये एस. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. तो हाती घेऊन पुन्हा जंगल पालथे घालावे, आणि वाटाड्या कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, घ्यावा. डिंक, चारोळी, मोहफुले वेचणाऱ्याला कोणत्या नाल्याकाठी कोणते झाड आहे, हे तोंडपाठ असते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्या पुऱ्या करण्याची धावपळ झाली. त्या नोंदवहीत ‘बिजा आढळतो’ एवढीच ओळ असेल, तर ती असून नसल्यासारखी. कक्ष क्रमांक, खोडाचा घेर, भोवती रोपे आहेत की नाहीत, हे लिहिले तरच ती कामाची.

पत्ते जाहीर केले तर चोरांचे फावेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून नेमके अक्षांश-रेखांश ग्रामसभा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयापुरते ठेवावेत. लोकांना कक्षनिहाय नकाशा पुरे. तसेही लाकूडचोराला जंगल पाठ असते, अंधारात आपणच आहोत. मनुष्यबळाची सबबही टिकत नाही. व्याघ्रगणनेत वनरक्षक मोबाइलवर वाघाच्या खुणा टिपतात. त्याच फेरीत चार-पाच दुर्मीळ झाडे टिपणे अशक्य नाही.

यवतमाळ, पांढरकवडा आणि पुसद या तिन्ही वनविभागांनी आपल्या कार्य आयोजनेला असा नकाशा जोडावा. खाण, रस्ता किंवा रेल्वेसाठी वनजमीन मागणारा प्रस्ताव आला, तर तो नकाशा पाहिल्याशिवाय ग्रामसभेने संमतीचा ठराव देऊ नये. पर्यायी वनीकरणात झाडाला झाड दाखवून हिशेब मिटवला जातो. यापुढे बिजाला बिजा आणि शिसमाला शिसम असाच हिशेब मागावा.

– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)