सातबारा पाहिला, माती पाहिली का?

सातबारावर क्षेत्र, आकार, पोटखराबा सारे असते. आम्हा कारकुनांना तेवढेच दिसते. पण ज्वारीचे मूळ गुंठे मोजत नाही, ते खोली मोजते.

आमच्या मेहुण्यांनी वर्षाच्या मजुरीतून शिलकीला टाकलेले पैसे घालून रान बटईने केले. वरून काळेभोर! रब्बीची ज्वारी पेरली. पोटरीत आली आणि वाळू लागली. मग खणून पाहिले, तर वीतभर मातीखाली मुरूम. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. वीतभर मातीत ओल टिकणार ती किती? बियाणेही गेले, कडबाही गेला.

म्हणून बंधुभगिनींनो, रान घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा खणा. दोन फुटांहून, म्हणजे ६० सें.मी.हून जास्त माती असेल तर जमीन भारी. तिला राहुरी कृषी विद्यापीठाचे 'फुले वसुधा' वाण चांगले. त्याहून कमी ती मध्यम, तेथे जुनी मालदांडी ३५-१ चालते. माती फूटभरच असेल तर 'फुले अनुराधा' घ्यावे, नाहीतर सरळ खरिपात बाजरी करावी.

माती तपासून घ्यावी हेही खरेच. नमुना बांधालगतचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा नको; तो खोटी साक्ष देतो. मात्र अर्धा किलो मातीवरून प्रयोगशाळा सामू, क्षार, अन्नद्रव्ये सांगेल, खोली सांगणार नाही. त्याला कुदळच लागते.

आणि मालक खड्डा घेऊ देत नसेल, तर बटईचे बोलणे तेथेच थांबवा.