अधिक दिवसाची सुटी

सन २०२४ च्या फेब्रुवारीच्या २९ तारखेस आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक अर्ज पुढें केला : "हा दिवस वर्षास फुकट मिळालेला आहे, सबब आज सुटी असावी." अर्जाची भाषा चांगली होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु 'फुकट' हा शब्द आम्हांस खटकला.

ऋतुचक्राची एक फेरी पुरी होण्यास सुमारें ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटें व ४६ सेकंद लागतात. हे वरचे तास वर्षाच्या दिवसांवर सारखे वांटले, तर दिवसामागें सुमारें ५७ सेकंद येतात. वर्गाची हजेरी घेण्यास याहून अधिक वेळ लागतो! असल्या क्षुल्लक शिलकेंतून चार वर्षांनीं हा दिवस उभा राहतो. (त्यांतही किंचित् अधिक घेतलें जातें, म्हणून १५८२ च्या सुधारणेप्रमाणें १९०० हें लीप वर्ष धरलें नाहीं, १८९६ च्या २९ फेब्रुवारीस जन्मलेले मोरारजी देसाई यांस त्या तारखेसाठीं आठ वर्षें थांबावें लागलें.)

२०२० सालीं हाच दिवस आम्ही हसतखेळत घालविला, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या. पुढें कित्येक महिने आम्ही सारे कशासाठीं झुरलों? सणांसाठीं नव्हे, घंटेसाठीं, डब्यांतील वांटून घेतलेल्या पोळीसाठीं, मागच्या बांकावरील कुजबुजीसाठीं देखील.

अर्ज आम्ही नामंजूर केला. मात्र वर्गांतील जिचा त्या दिवशीं बाराव्या वर्षीं तिसरा वाढदिवस होता, त्या मुलीस हजेरी घेण्याचा मान दिला. तिनें ती फार सावकाश घेतली.