मुकी इंग्रजी

इंग्रजांची वखार १६१३ साली सुरतेस स्थिरावली आणि कोकणापासून गुजरातेपर्यंत या साऱ्या किनाऱ्याचा इंग्रजीशी संबंध जडला. पुढे दादोबा पांडुरंगांनी सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन केले आणि तेथेच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत मानवधर्मसभा स्थापिली. आज त्याच सुरतेत, लिंबायत-उधन्यात, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबत आहेत. त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात. पण मुलाखतीत चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की त्यांची वाचा बसते. आपल्या कोकणातील माध्यमिक शाळांची स्थिती याहून निराळी नाही.

दोष मुलांचा नव्हे. भाषा वापरता वापरता यावी, हे तत्त्व आता जुने झाले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत नकाशे व रेल्वेची वेळापत्रके मुलांपुढे ठेवून ते पारखून पाहिले. पुढे क्रमिक पुस्तकांत संवाद आले. वर्गात मात्र संवाद आला नाही. जेथे साठ मुले दाटीने बसतात आणि शिक्षक स्वतःच भाषांतरपाठमालेच्या वळणाने शिकलेले असतात, तेथे संभाषणही फळ्यावरून उतरवून पाठ केले जाते. दहावीचा निकाल मुख्यतः उत्तरपत्रिकेवर ठरत असता मुलांनी तोंड उघडावे तरी कशासाठी?

महाराष्ट्राने २००० साली आणि गुजरातने २०२२ साली पहिलीपासून इंग्रजी आणली. परंतु आरंभ लवकर केला म्हणून पद्धत बदलत नाही. आणि पद्धत बदलत नाही म्हणूनच पालक ऐपत नसता कर्ज काढून मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात व मराठी शाळा ओस पडतात. स्वातंत्र्यचळवळीचे वैर इंग्रजी राज्याशी होते, इंग्रजी भाषेशी नव्हते. मराठी शाळा जगवावयाची असेल, तर तेथील मुलास इंग्रजी बोलता आलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी तोंडी परीक्षेस खरे गुण हवेत आणि ती बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी. इंग्रजीच्या तासापुरते वर्गाचे दोन भाग करावेत. शिक्षकांना सुटीत व्याख्याने न ऐकवता प्रत्यक्ष बोलण्याचा सराव द्यावा. आणि अडेल तेथे मराठीचा आधार घेणाऱ्या मुलास कोणी हिणवू नये. पोहावयास शिकणाऱ्याला काठावर उभे करून पाण्याचे वर्णन पाठ करावयास लावणे, हा प्रकार आता थांबला पाहिजे.