बी कोणत्या डोंगराचे?

ओमान म्हटले की आपल्या बेटावरील वाचकांपुढे वाळवंट, खजूर आणि लोबान एवढेच उभे राहते. परंतु त्या देशाच्या उत्तरेस अल-हजर पर्वतरांग आहे. तिच्यातील जबल शम्स सुमारे ३००० मीटर उंच आहे. आपले ब्लॅक रिव्हरचे शिखर अवघे ८२८ मीटर. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, आणि त्या उंचीवर नाताळच्या फर झाडाचा एक दूरचा भाऊबंद वाढतो, जुनिपर. स्थानिक लोक त्यास ‘अलअलान’ म्हणतात.

२०२० साली ओमान सरकारने एक कोटी झाडे लावण्याची मोहीम जाहीर केली. संकल्प स्तुत्य आहे. पण डोंगरावरील या झाडापुरते बोलावयाचे तर बी कोठून आणावयाचे, हा प्रश्न आम्हांस खड्डे खणण्याहून मोठा वाटतो.

थंड देशांत नाताळची झाडे पिकविणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. (आपल्याकडे नाताळात बहरतो तो तांबडा फ्लाम्बोयां, त्याला थंडीशी काय घेणे!) डेन्मार्कमधील शेतकरी नॉर्डमन फर लावतात, पण तिचे बरेच बी जॉर्जियातील आम्ब्रोलाउरीच्या जंगलांतून येते. तेथे माणसे उंच उंच झाडांवर चढून फळे उतरवितात. एवढा खटाटोप कशासाठी? जात एकच असली तरी डोंगरागणिक झाडाचा स्वभाव वेगळा असतो. एका ठिकाणचे झाड वसंतात लवकर पालवते आणि उशिराच्या कडाक्यात त्याचे कोंब करपतात. दुसऱ्या ठिकाणचे थोडे थांबते आणि वाचते. झाड विक्रीस यावयास आठ-दहा वर्षे लागतात. बियाणे चुकले तर तेवढी वर्षे पाण्यात गेली.

ओमानात भीती उलटी आहे, उन्हाची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे २४०० मीटरच्या वरची जुनिपरे तजेलदार, तर खालची बरीचशी वाळू लागलेली आढळली. २०१६ च्या एका अभ्यासाने या ऱ्हासाचा संबंध हवामानबदलाशी जोडला. त्यात जुनिपरचे पुष्कळ बी पोकळ निघते, आणि जे रुजते ते शेळ्या ठेवीत नाहीत.

मग बी कोणाचे घ्यावे? वरची झाडे सशक्त, म्हणून त्यांचेच घ्यावे असे कोणीही म्हणेल. परंतु ती थंडीत वाढलेली. त्यांची संतती खालच्या उन्हात टिकेलच असे नाही. खालचे एखादे झाड रोडावलेले दिसले, तरी इतके उन्हाळे काढून ते उभे आहे, हे विसरता कामा नये. तिसरा मार्ग बाहेरून बी मागविण्याचा. बलुचिस्तानातील झियारतचे जुनिपर-वन प्रसिद्ध आहे व तेथील जातही हीच मानली जाते. हा मार्ग आम्हांस मुळीच पसंत नाही. परक्या झाडांचा पराग ओमानच्या झाडांत एकदा मिसळला, की दीर्घकाळ वेगळा राहिलेला वंश पुन्हा निवडून काढता येणार नाही.

आमच्या मते वरच्या आणि खालच्या, दोन्ही झाडांचे बी घ्यावे. मात्र प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पिशवीत, जागा व उंची लिहून ठेवावे, आणि रोपे शेजारी-शेजारी लावून पाहावीत. मस्कतजवळ अल-खौद येथील ओमान वनस्पति-उद्यान देशी झाडांसाठीच उभारले आहे, तेव्हा या कामास हात नाहीत असे नाही. पण ही परीक्षा रोपवाटिकेच्या सावलीत होणार नाही. सुमारे २००० मीटर उंचीच्या सैकच्या पठारावर काही वाफे हवेत, आणि शेळ्या शिरणार नाहीत असे कुंपण हवे.